डब्यातल्या सहा गोळ्या

प्रिय सुमेधा मावशी,

मराठीत लिहून वर्ष झालं, तेव्हा चुका काढत बसू नका. पुण्यात चार वर्षं तुमच्या मेसमध्ये जेवून बी.फार्म. झालेली मी, आता शिकागोत शिष्यवृत्तीवर पुढचं शिकते आहे. मलावीला आमच्या ब्लँटायरच्या दवाखान्यात सहा वर्षं औषधं दिली. इथे नियमाने मला कुणाला तापाची गोळीसुद्धा देता येत नाही. दिवसभर प्रयोगशाळेत असते. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण कुणाशीच बोललो नाही.

परवा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानात मेथी आणायला गेले होते. शेजारी उभ्या काकूंना मराठीत विचारलं, जुडी ताजी आहे का. आफ्रिकन मुलीच्या तोंडून मराठी ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझा व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर पाठवला आणि निघून गेल्या. तुम्ही असतात तर आधी जेवायला बोलावलं असतंत. मेथी अजून फ्रिजमध्येच आहे, एकटीसाठी निवडायचा कंटाळा येतो.

आईच्या बीपीच्या गोळ्यांवर मी इथूनही लक्ष ठेवते. माझा धाकटा भाऊ लिंबानी दर रविवारी तिच्या महिन्याच्या गोळ्यांच्या डब्याचा फोटो पाठवतो आणि मी गोळ्या मोजते. धंद्याची सवय, दुसरं काय. गेले तीन रविवार आई फोनवर आली नाही. कधी ती चर्चला गेलेली असते, कधी झोपलेली. लिंबानी एवढंच विचारतो, परीक्षा कधी संपते. फोटो मात्र त्याने न चुकता पाठवले. तिन्ही फोटोंत सहाच गोळ्या आहेत. रोज एक कमी करायला हवी, संपल्या की पुढच्या महिन्याच्या भरायला हव्यात, हे त्या बिचाऱ्याला सुचलं नाही.

परीक्षेला अजून अकरा दिवस आहेत. मध्येच घरी गेले तर परत व्हिसा मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो गप्प आहे. आणि त्याची धडपड वाया जाऊ नये म्हणून मीही काही विचारत नाही. मेसमधल्या चारुताचे बाबा गेले, तेव्हा शेवटचा पेपर होईपर्यंत तुम्ही तिला रोज हसून वाढत होतात, आणि मग जवळ बसवून तुम्हीच सांगितलंत. मला अजून कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे मला रडताही येत नाही. मावशी, हे वाचलंत की फोन करा, आणि माझी आई गेली, असं मला सांगा.

तुमचीच,
चिसोमो