लवंग तेल, बाटली नंबर सात

३ मार्च, दुपार
आजपासून नवं पर्व. लेकीच्या फूड लॅबमध्ये लवंगेच्या तेलाचं नॅनोइमल्शन करतात. म्हणजे पाण्यात तेलाचे इतके बारीक थेंब करायचे की डोळ्यांना दिसूच नयेत. फळांच्या रसात ते घातलं की रस टिकतो. मी म्हटलं, मला घ्या तुमच्यात. शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होतो, घरात बसून हात गंजले. ती हसून म्हणाली, बाबा, दहा दिवस थर न धरणारी एक बाटली करून दाखवा, मग लॅबच्या मॅडमशी बोलते. म्हणजे नेमणूक झाल्यातच जमा. फक्त बाटली राहिली.

५ मार्च
लवंग तेल केमिस्टकडून. तेलापाण्याचं जुळवून देणारं ट्वीन नावाचं रसायन लेकीकडून. मिक्सर हिचा. (हिला विचारायचं राहिलं.)
तेल थेंबाथेंबाने घालायचं असतं. थेंबांना लय हवी, म्हणून भुजंगप्रयात वृत्त घेतलं. लघूला थेंब, दोन गुरूंना विश्रांती. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे मराठीचा तास चाले. आम्लाचा वास आणि कविता मी आयुष्यभर एकत्रच घेतल्या. आज तो वर्ग, ती भिंत, सगळं आठवून डोळे भरून आले. लवंगेनेही असेल.
मिश्रण पांढरंशुभ्र. लेकीला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, पांढरं म्हणजे थेंब मोठे. बारीक झाले की पारदर्शक, किंचित निळसर दिसतं. शुभ्रतेत खोट काढणारी ही पहिलीच पिढी.

६ मार्च
तेल तळाशी बसलं. लवंगेचं तेल पाण्याहून जड असतं म्हणे. हे आधी कोणी सांगायला नको?
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

७ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

९ मार्च
बाटली नंबर चार. तळाशी पुन्हा पिवळा गोळा. लेकीचा फोन. म्हणाली, बारीक थेंब पाण्यात विरघळतात आणि मोठे त्यांच्या जिवावर फुगतात. थोडं सूर्यफुलाचं तेल मिसळा, मग नाही होणार. मी स्पष्ट सांगितलं, भेसळ माझ्या हातून व्हायची नाही. शिवाय मिक्सर पुरेसा नाही, लॅबमध्ये त्यासाठी खास मशीन आहे, असंही म्हणाली. मशीनला वृत्त कळतं का, विचारलं. तिने फोन आईला द्यायला सांगितला.

११ मार्च
ही चिडली आहे. चहाला लवंग, दुधाला लवंग, उशीच्या अभ्र्यालासुद्धा लवंग. अहो, मला माझा मिक्सर परत द्या, नाहीतर मी दातांच्या डॉक्टरकडे राहायला जाते, तिथे निदान दात तरी बरे होतील, असं म्हणाली. थोरांच्या घरच्यांनी नेहमीच सोसलं आहे. हिला एक चारोळी ऐकवली. ऐकली नाही.

१४ मार्च, संध्याकाळ
बाटली नंबर सात. वृत्त बदललं, मंदाक्रांता. संथ, गंभीर. तरी तासाभरात तळाशी गोळा. बाटली ओट्यावर तशीच ठेवली. मन कशातच नाही. लॅबमध्ये एखादं स्टूल मिळालं असतं. कोणीतरी हाक मारली असती, अहो, जरा ती नळी द्या. बाकी काय मागत होतो?

१५ मार्च, सकाळी ८
चमत्कार!!! बाटली नंबर सात स्वच्छ! पारदर्शक! किंचित निळसर! टॉर्च मारला तर प्रकाशाची रेघ आरपार दिसते, लेकीने सांगितलं होतं तश्शी. मंदाक्रांता मुळात संथच, परिणामाला रात्र लागली. वास घेतला, अजिबात नाही. म्हणजे लवंग थेंबांत इतकी पक्की कोंडली गेली की वाससुद्धा बाहेर पडेना. लॅबला तरी हे जमलंय का?
हिला दाखवलं. ही बराच वेळ भांडीच घासत राहिली. आनंद प्रत्येकाला व्यक्त करता येत नाही.
दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवायची. हात लावायचा नाही.

१६ मार्च
बाटली घेऊन बसने लॅबमध्ये गेलो. दहा दिवसांत जग पुढे जातं.
मॅडम भल्या बाई. खुर्ची दिली, बाटली उजेडात धरली, छान म्हणाल्या. लेकीने वास घेतला आणि विचारलं, बाबा, तेल नक्की घातलंत ना? मॅडमनी काचेच्या कपात थोडं ओतून वर आम्लाचे थेंब सोडले. बारीक पांढऱ्या कण्या झाल्या.  मग मॅडम हळूच म्हणाल्या, काका, हे दूध आहे. पाण्यात काही थेंब.

१६ मार्च, संध्याकाळ
हिला विचारलं. म्हणाली, मला वाटलं टाकाऊ आहे, म्हणून बाटली धुऊन टाकली. मग आठवलं, सकाळी उठल्याउठल्या तुम्ही आधी तीच शोधणार. तुमचं ते तोंड मला बघवलं नसतं. हाताशी दूध होतं.
 मिक्सर घासून दिला. तीन वेळा.

२० मार्च
लेकीचा फोन. मॅडमनी स्वतः माझं नाव सुचवलंय! लॅबमध्ये दर मंगळवारी रस चाखायला माणसं हवी आहेत. बसायला स्टूल, पुढ्यात ओळीने कप. अट एकच, चाखणाऱ्याला या विषयातलं काहीही कळत नसावं. मुलाखतसुद्धा घेतली नाही, सरळ निवड.
हिनेही नाव दिलं होतं. हिला घेतलं नाही. मॅडम म्हणाल्या, काकूंना विषयातलं कळतं.