जुन्या नळीवरच्या सात खाचा

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

आजही ऑर्गनच्या नळ्याच पुसल्या. इथल्या, उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या चर्चमधला हा ऑर्गन १६८८ चा. मेस्त्री उल्फर्ट्स तो पुन्हा होता तसाच करणार — भाता पायानं तुडवायचा, कारखान्याची एकही युक्ती नाही. आणि मी शिकलो ते कारखान्यातच! तिकडे दक्षिणेत, डोंगराळ बवेरियात आम्ही नळीच्या ओठामागं, जिथं वारा सूर होतो तिथं, बारीक खाचा पाडायचो. मग सुराआधीची खरखर जायची, ती लोण्यासारखी बोलायची. इथं खाचेचं नाव काढलं की मेस्त्री अंगावर येतो. "खाकरू दे तिला! माणूस नाही खाकरत बोलण्याआधी?"

६ नोव्हेंबर

फोक्को सुतार मला 'डोंगऱ्या' म्हणतो. बाकीचे आपसात त्यांच्याच बोलीत. हसले की वाटतं, माझ्यावरच. घरमालकीण चहा ओततच राहते. कपात चमचा ठेवला की बास — हे मला आठवड्यानं कळलं. कुणी सांगितलंच नाही!

१० नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना संपली, सगळे जेवायला घरी. मला कोण बोलावणार? चर्चमध्ये एकटाच बसलो. एक नळी काढून फुंकली. खाकरली. पुन्हा फुंकली — तेच. सुरी खिशात होती. सात खाचा. गोड बोलली! अगदी आमच्या गावच्या ऑर्गनसारखी. डोळ्यांत पाणी आलं.

मग भानावर आलो. पावणेतीनशे वर्षांची नळी. जागेवर ठेवून दिली.

११ नोव्हेंबर

मेस्त्रीला सांगायचं ठरवून गेलो, दिवसभर नळ्याच पुसल्या.

१२ नोव्हेंबर

मेस्त्री पट्ट्या दाबत होता. एकीवर थांबला. "ही कोण बोलतेय?"

फोक्को म्हणाला, "डोंगऱ्या, तुझ्या गावची दिसते रे!" सगळे हसले. मेस्त्री नाही हसला. नळी काढून उजेडात धरली.

"मी केलं," म्हणालो. तोंडातून गेलंच.

"घरी जा." एवढंच. कुठल्या घरी? खोलीवर, की बवेरियात? खोलीवर आलो, बॅग भरली. पण तिकडे तरी माझी वाट कोण बघतंय!

१३ नोव्हेंबर

बॅग घेऊनच निरोप घ्यायला गेलो. मेस्त्रीनं हातात टोच्या दिला. नळीच्या बुडाशी माझ्याच हातानं कोरायला लावलं — माझं नाव कोर्बिनियान, तारीख, 'सात खाचा मी पाडल्या'. "दोनशे वर्षांनी जो उघडेल त्याला कळायला हवं, शिव्या कुणाला द्यायच्या." नाव लांब, अक्षर वाकडं.

खाली एक ओळ रिकामी ठेवायला सांगितली.

"ही कुणासाठी?"

"खाचा बुजवणाऱ्याची. तीही तूच लिहिणार — शिकलास की. ती बॅग उचल आधी, कुणीतरी अडखळून पडेल."