गोरेतबाईच्या बांधाचं खरं

मंद्रूप,
१२ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस आबाचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. ज्वारी हुरड्यात आली, तुझ्या आईनं अख्ख्या गल्लीला खाऊ घातली. तुझ्याकडं आफ्रिकेत बुरुंडीला, तुझ्या बांधबंदिस्तीच्या कामावर, दोन महिने राहून आल्यापासून मला पारावर लई भाव आलाय. तिथं माणसं कशी जगतात, रोज विचारतात. मी सांगतो, टेकडीच्या माथ्यापर्यंत घरंच घरं, एकेकाचं रान आपल्या खळ्याएवढं, त्यावर सात-आठ तोंडं, आणि पाऊस असा की मातीच घेऊन जातो. धोंडीराम म्हणाला, "आरं, मग आपला दुष्काळ बरा की!"

तुझी शेजारीण गोरेतबाई कशी आहे? तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा नाही, तरी दोघं मिळून तुझ्या भाकरीला नावं ठेवायचो. लई गुणाची बाई.

आता खरं लिहितो. फोनवर तुझं तोंड दिसलं की जीभ उचलत नाही, म्हणून कागद घेतला. याचा फोटो पाठवतो.

तिच्या रानातला बांध तुझ्या आखणीमुळं फुटला नाही. जादा पाणी निघून जायला तू सांडवा ठेवला होतास. तू गावात गेलीस तेव्हा मी तो दगडमातीनं बुजवला. पाणी असं पळताना बघून जीव तुटला गं. तीस वर्षं जलसंधारण खात्यात राहून मी मंद्रूपच्या रानांत थेंब न् थेंब अडवला. म्हटलं, पोरगी नवशिकी, सोन्यासारखं पाणी वाया घालवतेय.

दुसऱ्या दिवशीच्या पावसात तुंबलेल्या पाण्यानं बांध गेला आणि गोरेतबाईचा सगळा घेवडा खाली रस्त्यावर. तू चिखलात बसून पुन्हा पुन्हा मापं घेत होतीस. मी तुझ्यावर छत्री धरून उभा होतो. बोललो मात्र नाही. भ्यालो. त्याची लाज वाटते.

परवा तू म्हणालीस, टेकडीवरचे लोक आता तुला बांध घालू देत नाहीत, आणि फेब्रुवारीचा पाऊस तोंडावर आलाय. म्हणजे माझ्या शहाणपणापायी चाळीस घरांची माती वाहून जाणार.

हे पत्र टेकडीवरच्या लोकांच्या भाषेत करून त्यांच्या सभेत वाच. माझं नाव गाळू नकोस. पण त्याआधी गोरेतबाईच्या घरी जा, तिला एकटीला सांग. ती रागावली तर रागावू दे.

लिहून झालं आणि लई हलकं वाटतंय. तुझी आई विचारतेय, कागदाकडं बघून काय हसताय?

तुझी मापं बरोबर होती, पोरी.

तुझ्याहून शहाणा व्हायला गेलेला,
आबा