चौथी रायफल

नजमा, दोहा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रहमानभाई यास,

धाकट्या मुदस्सिरचा सलाम. मी इथे ठीक आहे, तूही ठीक असावास अशी दुआ करतो. जुम्म्याची नमाज पढून आलो, खोलीतले बाकीचे सगळे जेवून आडवे झालेत, आणि मी खाटेवर मांडीखाली पाय दुमडून, पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहायला बसलोय. किती वर्षांत हातानं पत्र लिहिलं नाही. अक्षर बघून हसशील. पण तू फोन उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की नुसत्या दोन निळ्या खुणा दिसतात. आपल्या वाडीतला तबिश मंगळवारी सुट्टीवर निघतोय. त्याला बजावलंय की पत्र भाईच्या हातातच द्यायचं आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. तेव्हा तो समोर बसला असेल तर त्याला आधी चहा दे.

इकडे आता कुठे हवा जरा बरी झाली. यंदाच्या उन्हाळ्यानं जीव खाल्ला. दुकानात एसी आहे, पण खोलीपासून बसपर्यंत चालायचं ते चालायचंच, आणि पन्नाशी उलटल्यावर गुडघे हिशेब मागतात. समीना फोनवर म्हणते, वजन कमी करा. तिला खेडमध्ये बसून सांगायला काय जातंय. मुलं बरी आहेत, थोरली दहावीला आहे. दुकानात नवा मुदीर आलाय, म्हणजे मॅनेजर. वयानं माझ्या निम्मा. तो रोज संध्याकाळी विचारतो, आज सेल किती. रोज तेच काउंटर पुसायचं, बंदुकांच्या त्याच नळ्यांना तेल द्यायचं, तेच हसू तोंडावर आणायचं. थकलोय भाई. झोपून जाईल असला हा थकवा नाही. तक्रार करत नाही, नुसतं सांगतोय.

तुला एका गिऱ्हाइकाची हकिकत सांगायची आहे. बंदुकींचीच आहे, म्हणजे तू अर्ध्यात टाकणार नाहीस.

लिव्हरवाली रायफल तू हातात धरलेली नाहीस. घोड्याभोवती जी कडी असते ना, तीच मोठी करून तिला बिजागरी लावलेली. कडी खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ओढली की नवं आत बसतं. काउबॉयच्या सिनेमात असते ती. अब्बांच्या एकनळी बंदुकीसारखी प्रत्येक बारानंतर मोडून भरायला नको.

तर मागच्या हिवाळ्यात एक कतरी म्हातारा आला. बू जासिम. इथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, हा जासिमचा बाप म्हणून बू जासिम. साठीच्या पुढचा, आयुष्यभर बाज पाळलेला, घरात बंदूक कधी ठेवली नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मेरे को चार मंगता. सब लिव्हर. पांचवा नहीं, खलास."

मी विचारलं, "बाबा, किस वास्ते?"

आमच्या धंद्यात हा पहिला प्रश्न. कंपनी, किंमत, लाकूड सगळं नंतर. काय करायचंय ते कळल्याशिवाय कपाटाला चावी लावायची नाही. मला हे दुकानात कुणी शिकवावं लागलं नाही. अब्बांच्या खुंटीकडे आपण नुसती मान वर केली तरी ते ओरडायचे ना, "कशाला हवी ता आधी सांग!"

म्हाताऱ्यानं सांगितलं, धाकटा मुलगा डावखुरा आहे. साध्या रायफलीचा काडतूस भरायचा दांडा उजव्या अंगाला असतो, डावखुऱ्याला तो आडवा येतो. लिव्हर मधोमध, खाली. दोन्ही हातांना सारखीच. बापाची लेकाला आणि लेकाची बापाला वापरता यावी, थोड्याच असाव्यात पण कुठे अडू नये, असं त्याचं म्हणणं. दोघांना मिळून परदेशात शिकारीला जायचं होतं.

मग आमचा खेळ सुरू झाला. पहिली ठरली बावीस बोअरची, हलकी, धक्का न देणारी, निशाण शिकायला. दुसरी अशी की एकाच नळीत मऊ काडतूसही चालतं आणि जोराचंही, रोजच्या सरावाला. तिसरी हरणासाठी, जगात सगळीकडे जिची काडतुसं मिळतात ती. या तीन ठरवायला सहा-सात महिने गेले, कारण प्रत्येकीचा दस्ता खांद्याला लावून बघणार, परत ठेवणार, लाकडाचा रंग उजेडात नेऊन बघणार, चहा मागवणार, आणि निघताना म्हणणार, "बुक्रा." उद्या. चौथी मोठ्या जनावरासाठी, रानडुक्कर, रेडा असल्या. तिच्यावर गाडी अडली. लांब नळीची घ्यावी की आखूड? लांब घेतली तर निशाण चांगलं, आखूड घेतली तर झाडीत वळते. एका गुरुवारी लांब, पुढच्या गुरुवारी आखूड. ठरलेल्या तिन्ही आमच्याच तिजोरीत ठेवायला लावल्या होत्या, म्हणे चारी बहिणी एकदमच घरी नेणार.

मुदीर वैतागायचा. मला मात्र तो म्हातारा आला की बरं वाटायचं, कारण मला तुझी आठवण यायची. तू काय कमी छळलंस मला? टॉर्च दोन सेलचाच, तीनचा नको, हातात जड होतो. बाम हिरव्या झाकणाचा, पिवळं झाकण म्हणजे नकली. एकदा चपला आणल्या तर पट्टा रुंद म्हणून परत पाठवल्यास, त्याही माझ्याचबरोबर, परत दोह्याला! हजराभाबी किती हसली होती. "याला जन्नतमध्ये नेलं तरी दाराचा रंग बदलून मागेल," म्हणाली होती.

भाबीचं नाव लिहिलं. मला माहीत आहे, तुझ्याजवळ तिचं नाव आता कुणी काढत नाही. मी काढणार.

पुढचं ऐक. सप्टेंबरात बू जासिमचा धाकटा मुलगा गाडीच्या अपघातात गेला. तोच डावखुरा. मी मय्यतीला जाऊन आलो, मागे उभा राहिलो, म्हाताऱ्यानं ओळखलं नाही. महिन्याभरानं तो एकटाच दुकानात आला. खुर्चीत बसला नाही. चहा नको म्हणाला. "कोई भी एक दे दो. आज."

मी नेहमीसारखं विचारलं, लांब की आखूड? म्हणाला, "कोई भी."

भाई, जो माणूस वर्षभर लाकडाची रेष बघत बसायचा त्याला आता काहीच निवडायचं नव्हतं. त्याचे कागद तयार होते, कायद्यानं मला नाही म्हणता येत नव्हतं. मी खोटं बोललो. म्हटलं, बाबा, क्लिअरन्स अडकलाय, पुढच्या आठवड्यात या. तो गेला, आणि मी रजिस्टरमधून जासिमचा नंबर काढून त्याला फोन केला. काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढंच म्हणालो की वडिलांना आज एकटं सोडू नका.

मुदीरला कळलं. तो म्हणाला, तू सेल्समन आहेस का मौलवी? त्याच्या मनात तसं काही नसलं तर? मी म्हटलं, नसलं तर फार उत्तम. त्यानं लेखी ताकीद दिली. घेतली.

गेल्या आठवड्यात जासिम बापाला घेऊन आला. म्हातारा वाळलाय. खुर्चीत बसला, पण कपाटाकडे मान वळवली नाही. मी चहा ठेवला. त्यानं एक घोट घेतला आणि कप सरकवला. म्हणाला, "बहुत मीठा. चेंज." जासिमनं माझ्याकडे बघितलं, मी जासिमकडे. मी आत जाऊन दुसरा चहा करून आणला, आणि आतच जरा वेळ तोंड धुवत उभा राहिलो.

आता तुला कळलं असेल मी इतकी पानं का घालवली.

तुला मी सांगत आलोय की ना-हरकतीचा कागद वकिलातीत अडकलाय, तारीख मिळत नाही, साहेब रजेवर आहेत. खोटं आहे. अब्बा गेल्यावर त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, ती तुझ्या नावावर व्हायला माझी सही लागते, आणि ती सही करून, शिक्का मारून कागद मेमध्येच तयार होता. माझ्या ट्रंकेत आहे. बकरी ईदला कुणाबरोबर तरी पाठवणार होतो. तेवढ्यात समीना ईदचं तुझ्याकडे येऊन गेली आणि तिनं फोन केला. म्हणाली, भाईंनी सगळ्या कोंबड्या शेजारच्या राजाभाऊंच्या घरी देऊन टाकल्या. भाबीचं शिलाई मशीनही देऊन टाकलं. मी वाढलेलं ताट भाई तसंच ठेवून उठले. घर इतकं आवरलंय की मला भीती वाटली.

तू सुरुवातीला सहीसाठी लिहायचास तेव्हा भांडायचास. मी अब्बांच्या बंदुकीला कुठलं तेल लावायचं ते विचारलं तर तू पानभर लिहिलं होतंस की तुमचं दुकानातलं तेल नको, आपलं खोबरेलच बरं. ते वाचून मी रागावलो होतो. जुलैत तुझा मेसेज आला, "कसंही कर, सही पाठव." आणि येताना काय आणू विचारलं तर लिहिलंस, "काहीही आण." ते दोन मेसेज मी किती वेळा वाचले असतील. त्यानंतर रोज कागद पाठवायचं टाळलं, आणि विचारायचंही टाळलं. म्हाताऱ्यासाठी मी एका दिवसात फोन केला. सख्ख्या भावासाठी महिने गेले. परक्या माणसाला विचारणं सोपं असतं, उत्तर ऐकून त्याच्या घरात राहायचं नसतं.

तू म्हणतोस डुकरं फार झाली, शेताची राखण हवी. भाई, शेत दोन पावसाळे पड आहे. भाबी आजारी पडली तेव्हापासून तू बियाणं टाकलेलं नाहीस. अब्बा तरी डुकरांवर कुठे झाडायचे, भातात शिरली की हवेत बार काढायचे आणि राजाभाऊंच्या वाडीपर्यंत सगळे जागे व्हायचे. आता तिथं राखायला गवताशिवाय काय आहे?

म्हणून आज स्पष्ट विचारतो, जे धंद्यात पहिल्यांदा विचारतो ते तुला शेवटी विचारतोय. कशाला हवी? मला भीती वाटते की तू स्वतःला काहीतरी करून घेशील. लिहिलं एकदाचं. माझं चुकत असेल तर मला शिव्या दे. मी तुझ्या पाया पडून माफी मागेन आणि आनंदानं मागेन.

कागद तबिशबरोबर पाठवत नाहीये. मी स्वतः येतोय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मुदीर सुट्टी नाही म्हणाला, मी तिकीट काढून आलो. नोकरी राहिली तर राहील. नाही राहिली तर दोघं भाऊ मिळून त्या पडीक शेताचं काय करायचं ते बघू, मला तरी अजून काय जमतंय. कागद माझ्या खिशात असेल. तू मला पडवीत समोर बसवून सांग. मग आपण दोघं ठाण्यात जाऊ आणि बंदुकीचं काय करायचं ते ठरवू. मला विचारशील तर ती सरकारजमा करावी. पण ते तिथं बोलू.

राजाभाऊंना मी काल फोन करून सगळं सांगितलंय. मी येईपर्यंत ते रात्री तुझ्याकडे झोपायला येतील. घोरतात, माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. डॉक्टरांकडेही ते तुला नेणार आहेत, खेडला समीना असेल. नाही म्हणू नकोस. रात्र फार जड झाली तर वेळ बघू नकोस, मला फोन लाव, मी उचलेन.

भाबी गेली तेव्हा मी आलो नाही. विमान मिळालं नाही असं सांगितलं होतं, ते मात्र खरं होतं. तरी मी यायला हवं होतं, एक दिवस उशिरा का होईना. तू एकट्यानं सगळं केलंस. मला तू हवा आहेस, भाई. अब्बा गेले, भाबी गेली. आता माझ्या लहानपणचं सांगायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तबिशचा चहा संपला असेल. त्याच्या फोनवरून आत्ताच मला फोन लाव आणि एवढं एकच सांग. माझ्या बॅगेत जागा आहे. टॉर्च हवा असेल तर किती सेलचा, बाम हवा असेल तर कुठल्या झाकणाचा, चपला हव्या असतील तर पट्टा केवढा. चार वस्तू सांग, नाहीतर एकच सांग. आणलेली पसंत पडली नाही तर परत पाठव, मी परत आणीन.

फक्त "काहीही आण" म्हणू नकोस.

तुझ्या फोनची वाट बघत,
तुझा धाकटा
मुदस्सिर