मशीनच्या पोटातला मोठा स्क्रू

माय, तुझी शिवणमशीन मी परवाच्या रविवारी पूर्ण खोलली. डोकं लाकडी पाटावरून उचललं, उलटं केलं आणि एकेक भाग जुन्या चादरीवर ओळीनं मांडला, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत तिला माझ्याशिवाय कुणाचा पेचकस लागलेला नाही. तेल, पट्टा, बॉबिनची पेटी, सगळं मीच पाहतो. पण पोट उघडायची ही माझी आयुष्यातली दुसरीच वेळ.

झालं असं की तुझ्या सुनेचा डावा खांदा दिवाळीपासून वर होत नाही. वेणी घालताना हात अर्ध्यात थांबतो. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, शिवताना बसता कशा ते दाखवा. तिनं त्यांच्या टेबलावरच उजव्या हातानं पुढचं कापड धरल्यासारखं केलं आणि डावा हात मागे नेऊन ओढून दाखवला. ते म्हणाले, एक तर काम बदला, नाही तर मशीन. काम ती बदलणार नाही. जाड कापडी पिशव्यांचं काम तिनं स्वतः फिरून मिळवलंय आणि त्यात ती माझंही ऐकत नाही. मग आम्ही इतवारीच्या बाजारात मशीन पाहायला गेलो. तिथं तिनं मोटरवाली पांढरी मशीन पसंत केली, दोनदा चालवून पाहिली. दुकानदार म्हणाला, जुनी देऊन टाका बदल्यात, तशीही भंगारच असेल. मी विचारलं, तुम्ही पाहिली का ती? तो नुसता हसला. दुकानातून खाली उतरल्यावर ही म्हणाली, "तुमाले मशीनची पडली आहे. माह्या खांद्याची काहून नाही पडली?" मी म्हटलं, मला एक रविवार दे. नाही जमलं तर सोमवारी मी स्वतः उचलून इथं आणून देतो. मला नाही जमणार, हे मी धरलेलंच नव्हतं.

पहिल्या वेळचा तो दिवस तुला आठवत असेल. तू उमरेडला मावशीकडे लग्नाला गेली होतीस. बाबांचा माग विकून झाला होता आणि घर तुझ्या शिवणावर चालत होतं, शाळेची दप्तरं, गाद्यांच्या खोळी. मी सोळा वर्षांचा. मशीन खडखडत होती म्हणून मी ती खोलली. पेचकस नव्हता, तुझ्या भाजीच्या चाकूचं टोक पायरीवर घासून घेतलं. घासलेटनं सगळं धुतलं, पुसलं, संध्याकाळपर्यंत जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. तू येतेस, पिशवी खाली ठेवतेस आणि हातपाय न धुता एक चिंधी घालून चालवून पाहतेस. खडखड गेलेली असते. "वा गा, मिस्त्री झाला माहा पोरगा," म्हणतेस. पुढच्या महिन्यात लाकडी मुठींच्या सहा पेचकसांचा संच आणून माझ्या हातात ठेवतेस. त्यातले चार अजून माझ्या पेटीत आहेत. माय, माझं सगळं त्या दिवसावर उभं आहे. बुटीबोरीच्या कारखान्यात शिक्षणाचे कागद मागितले तेव्हा मी कागदांऐवजी हीच गोष्ट सांगितली आणि त्यांनी घेतलं. आज तिथं डिप्लोमा झालेले लोक अडलं की मला बोलावतात. मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, हे मी त्यांना काम सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा सांगतो.

तर रविवारी माझा अंदाज होता की दाते झिजले असतील, कापड खालून पुढे सरकवतात ते दोन ओळींचे पोलादी दाते. इतकी वर्षं जाड कापडाखाली चाललेले दाते बोटाला गुळगुळीत लागायला हवेत. मी बोट फिरवलं तर कातडी खरचटली. नव्यासारखे धारदार. मी चष्मा पुसला, चाक हातानं हळूहळू फिरवलं आणि दाते होतील तितके वर आणले. सुईखालच्या पट्टीच्या वर अख्खा दात दिसायला हवा. अर्धासुद्धा दिसत नव्हता. म्हणजे हे दाते इतकी वर्षं कापडाला नीट लागलेच नव्हते, म्हणून झिजले नव्हते. ते किती वर यावेत हे पोटातल्या आडव्या दांड्यावरचा एक मोठा स्क्रू ठरवतो. टॉर्च धरून त्याची खाच पाहिली. आजूबाजूच्या सगळ्या खाचा स्वच्छ होत्या. या एकीची कड कुरतडलेली होती, आणि पेचकसानं तशी कुरतडली जात नाही. साफसफाईसाठी त्या स्क्रूला हात लावायची गरजच नसते. मी लावला होता, चाकूनं, आणि परत आवळताना दांडा कुठं होता ते पाहिलं नव्हतं.

त्या दिवसाआधी शिवताना तुझा डावा हात कापडावर नुसता ठेवलेला असायचा. नंतर तो मागे जाऊन कापड ओढायला लागला. मी ते रोज पाहत होतो आणि तुझी सवय समजत होतो. संध्याकाळी तू मला खांद्यावर बाम चोळायला सांगायचीस. तसंच एकदा चोळताना तू मान न वळवता विचारलंस, "खालचा तो मोठा स्क्रू तू फिरवला होता काय गा?" मी हात काढून घेतला. म्हटलं, "मशीन म्हातारी झाली, माय. माह्या हाताले नाव नको ठेवू." तू म्हणालीस, "बरं बाबा, म्हातारी झाली," आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. सून आली तेव्हा तिला शेजारी बसवून शिकवलंस, "हिले मागून हात द्यावा लागते वं." ती सत्तावीस वर्षं हात देते आहे.

रविवारी आधी मला तुझाच राग आला. दप्तराचा एक टाका चुकला तर अख्खी शिवण उसवणारी बाई तू, इथं काहून गप्प बसलीस? मग आठवलं की तू गप्प बसली नव्हतीस. तू विचारलं होतंस.

काम दहा मिनिटांचं निघालं. स्क्रू सैल केला, दाते अख्ख्या दाताइतके वर घेतले, आवळला. पिशवीचं कापड दोन पदर, चार पदर, आठ पदर घालून तपासलं आणि हिला बसवलं. तिचा डावा हात सवयीनं मागे गेला, कापड ओढलं गेलं आणि सुई मोडली. "झाली काय दुरुस्त?" म्हणाली. मी नवी सुई लावली, म्हटलं, डावा हात मांडीवर ठेव. तिनं ठेवला, पण मूठ आवळून. कापड आपलं आपण चाललं, सरळ, शेवटच्या टोकापर्यंत. तिनं ते उलटून टाके पाहिले, पुन्हा एक शिवण मारली, मग हसली, "माह्या हाताले तर कामच नाही राहिलं." आणि विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं हिचं? मी पेचकस पुसत म्हणालो, स्क्रू झिजला होता, जुनी आहे ना. ती म्हणाली, "मग राहू द्या नवीन."

माझी जीत झाली, पण ती पांढरी मशीन तिनं माझ्या खोट्यावर सोडली. तिचा खांदा मशीनच्या वयानं गेला नाही, हे तिला कळायलाच हवं. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगणार, चाकूसकट सगळं. मग हीच चालवायची की इतवारीतली आणायची, ते ती ठरवेल. मी मध्ये बोलणार नाही, आणि ती रागावली तर मशीन म्हातारी झाली असंही म्हणणार नाही. जुनी मात्र त्या दुकानदाराला द्यायची नाही, एवढं माझं पक्कं.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहून राहिलो. आधीची दोन फाडली. त्या दोन्हींत मी तुलाही लिहिलं होतं, माय, की स्क्रू झिजला होता.