घराला ‘जैसे थे’

३ जून
कोर्टाने मनाई हुकूम दिला. घर दोघांच्या नावावर, तेव्हा निकाल लागेपर्यंत कोणीही ते विकायचं नाही, आतली वस्तूसुद्धा बाहेर न्यायची नाही. ‘जैसे थे’. वकीलसाहेबांनी पाठ थोपटली. ही बहिणीकडे राहायला जाऊन पाच महिने झाले. आता घर अडकलं म्हणजे हीही अडकली. पंधरा दिवसांत परत येईल. फार तर तीन आठवडे.
संकल्प: आल्यावर टोमणे मारायचे नाहीत.

७ जून
हुकूम कडक पाळतोय. हिच्या घरात घालायच्या चपला दाराशी आडव्या पडल्यात. हात लावला नाही. रोज ओलांडून जातो. दोनदा अडखळलो. कायदा म्हणजे कायदा.

१२ जून, सकाळी १०
कोर्टाने पाठवलेल्या बाई सामानाची यादी करायला आल्या. प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारत, हे कोणाचं? मी म्हणे, आमचं. शिलाई मशीनपाशी पुन्हा तेच. त्यांनी विचारलं, तुम्ही शिवता? म्हटलं, शिकणार आहे. त्यांनी ‘पत्नीचे’ असं लिहिलं.
चष्म्याच्या दुकानात सतरा वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. बाईंचा नंबर वाढलाय हे लगेच ओळखलं, तसं सांगितलं. चहा नको म्हणाल्या. तरी पाऊण तास बोलणं झालं. बरं वाटलं. म्हणजे कामकाजाच्या दृष्टीने.

१९ जून
मुलीचा होस्टेलवरून फोन. म्हणाली, बाबा, आईचे शिवणक्लास त्या मशीनवर चालायचे, ती तरी देऊन टाका. शांतपणे समजावलं, माझ्या हातात काही नाही, कोर्टाचा हुकूम आहे. ती म्हणाली, तो तुम्हीच मागितलात ना? मग रेंज गेली. बहुतेक मीच फोन ठेवला.

२४ जून
तीन आठवडे झाले. कोर्टाच्या कामाला वेळ लागतोच.
आजपासून घरीच स्वयंपाक. भात करपला, पातेलं कामातून गेलं. पातेलं यादीत आहे का, वकीलसाहेबांना विचारलं. म्हणाले, सारखा फोन करू नका.

१ जुलै, संध्याकाळी
धूळ पुसणं म्हणजे वस्तू हलवणं नव्हे, असा मी अर्थ लावला. मशीन पुसली. सुईखाली अर्धवट शिवलेला शर्ट. पुरुषाचा. म्हणजे जाता जातासुद्धा माझंच शिवत होती. अंगाला लावून पाहिला. खांद्यात दोन बोटं कमी पडतो, पण घाईत माप चुकतं माणसाचं. मन प्रसन्न.

८ जुलै
तारीख. न्यायाधीश रजेवर. ही समोरच्या बाकावर, शेजारी साडू. मी बोलायचे अकरा मुद्दे कागदावर काढून नेले होते. व्हरांड्यात हीच जवळ आली. म्हणाली, “बीपीची गोळी घेता ना वेळेवर?” मी म्हटलं, हो. मग म्हणाली, “मशीनवर भाऊजींचा शर्ट राहिलाय, मिळाला तर बघा.”
सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलणं झालं. प्रगती आहे. मुद्दे पुढच्या वेळी.

२२ जुलै
हिच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र दिलं. घरातला हक्क सोडते, फक्त मशीन आणि कपडे द्यावेत. घर त्यांना राहू दे. न्यायाधीशांनी विचारलं, हरकत आहे? मी घसा खाकरला. तेवढ्यात वकीलसाहेब म्हणाले, काहीच नाही. वादच उरला नाही म्हणून हुकूम उठला. चार मिनिटं लागली.
ही कधी निघून गेली ते दिसलं नाही.
बाहेर वकीलसाहेबांनी अभिनंदन केलं. मी विचारलं, याच्यावर स्टे मिळेल का? ते म्हणाले, कशावर? मी मुद्द्यांचा कागद खिशातून काढला. म्हणाले, अहो, घर तुमचं झालंय, घरी जा.
दुकानात गेलो. आज रजा टाकली होती, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. तरी बसलो.