एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम

॥ श्री मैलार मल्लण्णा प्रसन्न ॥

कमठाणा, ता. बीदर
३ जानेवारी २०२५

ती. रामलिंगमामा यांस,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं कळवा. तुमचे कान गेल्यापासून पत्र हाच आपला फोन, त्यामुळे पुढची बातमी ऐकून तुम्हाला फारसं दुःख होणार नाही. सोमवारी येळवशीच्या अवसेला माझा फोन आंबिलीच्या घागरीत पडला. शेतातल्या पूजेचा फोटो काढायला वाकले आणि हात सुटला. अप्पांनी आधी आंबील नासली का ते विचारलं, फोनचं मागाहून.

बीदरच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला तेव्हा दुकानभर ताकाचा वास सुटला. तो म्हणाला की याला आता दुरुस्ती न्हाई, फोडणीच द्यावी लागंल. आई हे रोज कोणाला ना कोणाला सांगते आणि हसते.

मला मात्र फोनवाचून चालत नाही. बीदरजवळच्या कोळारच्या गोदामात हजेरीही स्वतःच्या फोनवर आणि खोक्यांवरच्या बारकोडच्या पट्ट्या टिपायच्या त्याही फोनवरच. सध्या बरोबरच्या अंजूचा फोन मागून घेते, पण ती शिफ्ट बदलून गेली की माझा खाडाच. बीदरच्या मोठ्या दुकानात मला हवा तो फोन अठरा हजारांना आहे. नेटवर सोळाला मिळतो, पण खोक्यातून काय निघेल याची अप्पांना धास्ती. आई म्हणते की मामाच्या नागराजचं आळंदला स्वतःचं मोबाईलचं दुकान असताना लोकांच्या दारात कामून जायलीस. तुम्ही एकतीस वर्षं बाजारात तोलार होतात. माल कसा पारखावा ते तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. माया आहे तेवढी ठेवा, थोडी वाढवलीत तरी हरकत नाही.

तुमची भाची,
तेजश्री

---

आळंद
८ जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे, जिना चढताना आठवण करून देतो. आंबिलीची गोष्ट तुझ्या मामीला वाचून दाखवली. ती म्हणाली की देवाला नैवेद्य कमी पडला असंल.

फोनमधलं मला काही कळत नाही. माझ्याकडे बटणांचा आहे, तोही मला ऐकू येत नाही म्हणून गप्प पडून असतो. पण माल पारखायचा तर एक सांगतो. विकणारा जे वर ठेवतो ते बघू नये. तुरीच्या पोत्यात आम्ही लोखंडी परखी खालून खुपसायचो, वरून नाही. तुझ्या फोनात परखी कुठून खुपसायची ते मला ठाऊक नाही, म्हणून कंपनीनं त्याच्याबद्दल जे जे छापलंय ते सगळं उतरवून पाठव. मी बसून वाचीन. तूर विकून संपेपर्यंत पोती राखण्याशिवाय मला दुसरं काम नाही.

नागराजला सांगितलं. त्यानं पाटीवर लिहून दिलं की तोच फोन साडेचौदाला देतो, घरच्या माणसाकडून नफा घ्यायचा न्हाई. माझ्याशी बोलायचं ते घरात सगळे पाटीवरच लिहितात, त्यामुळे हल्ली थोडक्यात बोलतात, हा कान गेल्याचा फायदा.

दुसरी गोष्ट. मुलगी बाहेर द्यायच्या आधी मामाच्या घरी विचारायचं, ही आपल्यातली रीत तुझ्या अप्पांनी पाळली आणि नागराजसाठी विचारणा केली. नागराजची तयारी आहे. मामीनं तर साड्यांचे रंगही ठरवले आहेत. मी एवढंच म्हणालो की उत्तर तेजश्रीनं स्वतःच्या अक्षरात पाठवावं, तिच्या वतीनं कोणी मान हलवू नये. घाई नाही.

तुझ्या आईअप्पांना, पद्माला आणि श्रीमंतरावांना, आशीर्वाद सांग. लिहीत जा, पोस्टमन आला की बरं वाटतं.

तुझा मामा,
रामलिंग

---

कमठाणा
१३ जानेवारी २०२५

ती. मामांना सा. न.

संक्रांतीचा तिळगूळ याच पाकिटात आहे. चुरा झाला असेल तर चमच्यानं खा.

अंजूच्या फोनवर कंपनीचं पान उघडून सगळं उतरवलं. मेमरी एकशे अठ्ठावीस. कॅमेरा पन्नासचा, म्हणजे गोदामाच्या अंधारातही पट्टी टिपतो. बॅटरी पाच हजारांची, बारा तासांची शिफ्ट निघावी. पडदा सहा पूर्णांक सात इंच. वजन एकशे चौऱ्याण्णव ग्रॅम. हे शेवटचं फक्त तुमच्यासाठी लिहिलं. फोन वजनावर घेणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. अंजू म्हणाली की तुझ्या मामाला सांग, किलोला काय भाव पडतो ते काढून ठेवा.

नागराजकडचाच घ्यावा असं आता वाटायलंय. साडेतीन हजार वाचतात आणि बिघडला तर कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. त्यानं अंजूच्या फोनवर निरोप पाठवला की फोन बाजूला काढून ठेवलाय, वरची काचही लावून दिली, तुम्ही बीदरला याल तेव्हा तुमच्याबरोबर पाठवतो.

दुसऱ्या गोष्टीचं मी अजून ठरवलेलं नाही. नागराज स्वभावानं बरा आहे, हसरा आहे, आणि लहानपणी जत्रेत मी हरवले तेव्हा रडत रडत शोधत होता तोच. नोकरी सोडायची नाही ही माझी अट त्यानं लगेच मान्य केली. पण अप्पा फार घाई करायलेत. मी त्यांना म्हटलं की आधी फोन घेऊ द्या, तो निदान परत करता येतो. 

मामींच्या साड्यांचे रंग कळवा. नुसतं बघायला. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नये.

तेजश्री

---

कमठाणा
२० जानेवारी २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही म्हणालात म्हणून स्वतःच्या अक्षरात लिहितेय. माझा होकार आहे.

फार विचार केला असं दाखवत नाही. आठ दिवस गोदामात खोकी मोजताना हेच डोक्यात होतं. परक्या घरात जाऊन सगळ्यांना ओळखायला दहा वर्षं जातील, आणि तुमच्या घरात मला चहात साखर किती ते मामींना ठाऊक आहे. नागराज मला फसवणार नाही, एवढं मला खात्रीनं वाटतं. बाकीचं निभावेल. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झालाय, तो लपवत नाही.

आईनं पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावलीय. पत्र उघडायच्या आधीच तुम्हाला कळावं, असं ती म्हणाली.

आता तुमची भाची आणि पुढं सून, दोन्ही नात्यांनी हक्क सांगणारी,
तेजश्री

---

आळंद
२० जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा सरळ लिहितो.

तुझी यादी वाचली. मेमरी, कॅमेरा, बॅटरी, यातलं मला एकही तपासता येत नाही. वजन येतं. तू थट्टेनं लिहिलंस, पण मी नागराजनं काढून ठेवलेला फोन घेऊन गुंडेराव सराफाकडे गेलो. त्याच्या सोन्याच्या काट्यावर ठेवला. वरून काच चिकटवलेली, म्हणजे एकशे चौऱ्याण्णवच्या वरच भरायला हवा. भरला एकशे सत्त्याऐंशी.

मी आधी काट्यावर संशय घेतला. गुंडेराव रागावला आणि त्यानं माझ्यासमोर वजनं टाकून काटा दाखवला. मग बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून तोच फोन पाच मिनिटांसाठी मागून आणला. दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो एकशे चौऱ्याण्णव भरला, वर ना खाली.

घरी येऊन नागराजला दार लावून विचारलं. त्यानं पाटी ओढून घेतली. मग लिहिलं. फोन हैदराबादहून आणलेला, कोणाचा तरी वापरलेला. बाहेरचं अंग नवं घातलेलं, आतली बॅटरी हलकी, लोकल. खोकं तेवढं खरं. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून नेटवरचा भाव बघतं आणि निघून जातं, नव्या फोनात काही सुटत न्हाई, असं त्यानं लिहिलं. असे तीन आधी विकले आहेत.

मी विचारलं की तेजश्रीला हा कामून देत होतास. त्यावर त्यानं लिहिलं की ती आता घरचीच व्हायलीय, बिघडला असता तर गुपचूप दुसरा दिला असता, तिला कळलंच नसतं.

मी ती पाटी पुसली नाही, पालथी ठेवली. परक्या माणसाला फसवताना त्याला निदान भीती वाटली असेल. तुझ्या बाबतीत ती वाटली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं लोकांचा माल तोलला, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळलं नाही.

तुझ्या अप्पांना मी अजून लिहिलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. हा फोन घेऊ नकोस. दुसऱ्या गोष्टीचं तू ठरव, मी एक शब्दही सांगणार नाही. त्याचा बाप म्हणून मी सांगितलेलं तू ऐकशील, अशी भीती वाटते.

यानंतर तू मला लिहिशील की नाही, ठाऊक नाही. लिहिलंस तर बरं वाटेल.

रामलिंग

---

आळंद
२४ जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

आज तुझं पाकीट आलं. चारी कोपऱ्यांना हळद होती. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख बघितली, आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या बाजूनं गेली असणार.

मी ते उघडलेलं नाही. उघडायची गरजही नव्हती. पोस्टमन महादेवप्पानं हळद बघून पेढे मागितले, मी त्याला हातानं नंतर नंतर असं केलं. तुझी मामी तेव्हा नळावर होती. पाकीट मी सदऱ्याच्या आत घातलं आणि तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसलो. ज्या पत्राची मी पंधरा दिवस वाट पाहिली ते हातात होतं, आणि मला ते फोडता येईना. मला सून म्हणून तूच हवी होतीस. हे आता लिहायला नको होतं, पण खोटं कशाला लिहू.

हे तू लिहिलंस तेव्हा माझं पत्र तुला मिळालेलं नव्हतं. तेव्हाच्या शब्दात तुला आता अडकवणं बरं नव्हे. म्हणून पाकीट आहे तसं बंद, या मोठ्या पाकिटात घालून परत पाठवतो. पुन्हा धाडावंसं वाटलं तर धाड, मी उघडीन. नाही धाडलंस तर घरात मी सांगेन की तेजश्रीचं पत्र आलंच नाही. नागराजनं विचारलं तरी हेच. तुला उद्या कोणी म्हणायला नको की आधी हो म्हणाली आणि मग फिरली. एकदा खोटं बोललो तर या वयात मला कोण काय विचारणार आहे.

नागराजनं त्या तिघांपैकी दोघांना फोन बदलून दिले. तिसरा उमरग्याकडचा आहे, त्याचा पत्ता लागायचाय. हे त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही, झालं ते लिहितो.

तब्येतीला जप. पद्माला काय सांगायचं ते तूच ठरव.

रामलिंग

---

कमठाणा
२९ जानेवारी २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली आणि माझं पाकीटही. आईनं ते परत आलेलं बघितलं आणि तिला वाटलं तुम्हीच नकार दिलात. ती रडली. मग मी तुमची पत्रं तिला वाचून दाखवली, तेव्हा ती रडायची थांबली. अप्पा म्हणाले की एवढ्याशा फोनावरून सोयरीक मोडायलीस काय. मी त्यांना म्हटलं की फोन दुसऱ्या कोणी असा दिला असता तर भांडून बदलून घेतला असता. मला कळलंच नसतं, हे त्यानं लिहिलं ना, तिथं माझं मन उठलं. अप्पा मेंढरांकडे गेले. संध्याकाळी येताना त्यांनी माझ्यासाठी बोरं आणली, म्हणजे राग उतरला असावा.

फोन मी बीदरच्या दुकानातून घेतला, अठरा हजारांना, पावतीसकट. गोदामातल्या काट्यावर ठेवून बघितला. आता मलाही ती खोड लागली. बरोबर भरला.

नागराजचा अंजूच्या फोनवर निरोप आला होता. चूक झाली, तू मोठ्या मनाची आहेस, विसरून जा, असं लिहिलंय. मी उत्तर दिलं नाही. तो वाईट माणूस आहे असं मला अजूनही वाटत नाही, पण मी त्याच्याशी लग्न करणार नाही. हे माझ्या अक्षरात लिहितेय आणि हे परत मागणार नाही.

मामा, माझा तुमच्यावर काडीचाही राग नाही. स्वतःच्या मुलाबद्दल असं पत्र मला लिहिता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. दर पंधरा दिवसांनी तुमचं पत्र आलंच पाहिजे, त्यात काही फरक पडायचा नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. पत्र आलंच नाही असं तुम्ही घरात सांगायचं नाही. माझं नाव राखायला तुम्ही खोटं बोलायचं, हे मला चालणार नाही. लोक मी फिरले म्हणतील तर म्हणू देत, मी फिरलेच आहे. नागराजला पाटीवर स्पष्ट लिहून दाखवा की पत्र आलं होतं, त्याला हळद लावली होती, आत होकार होता, आणि तो मी परत घेतला. त्याच्या हातात काय आलं होतं ते त्याला कळू द्या.

मामींच्या पाया पडते. तुमच्या पत्राची वाट बघणारी,

तुमची भाची,
तेजश्री